एका शब्दातून उगवलेला उजेड: टॉल्किनच्या विश्वकथेतला प्रकाश

इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्ज या कादंबरीत गॅलॅड्रिएल ही एल्फ, म्हणजे अमर वंशातली स्त्री, फ्रोडो या बुटक्या हॉबिट नायकाला एक छोटीशी काचेची कुपी देते, ती बहुतेकांना आठवत असते. अंधारात चमकते, शेलॉब नावाच्या अजस्र कोळ्याच्या मादीच्या बिळात कामी येते, छान जादूची वस्तू. पण त्या कुपीत जो उजेड आहे त्याचं मूळ शोधत मागे गेलं तर थेट त्या जगाच्या उत्पत्तीपर्यंत पोचतो आपण, आणि पुस्तकाबाहेर मागे गेलं तर एक हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितापर्यंत. हा दुहेरी प्रवास मला इतका आवडतो की एकदा नीट लिहून काढावा असं बरेच दिवस मनात होतं.

बाहेरची गोष्ट आधी. इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या कॅथीड्रलमध्ये जुन्या इंग्रजी कवितांचं एक दहाव्या शतकातलं हस्तलिखित आहे, एक्झिटर बुक म्हणतात त्याला. त्यातल्या ख्रिस्ताच्या आगमनावरच्या कवितांमध्ये एक ओळ येते, त्यात कवी 'एआरेंडेल' अशी हाक मारतो आणि त्याला देवदूतांमधला सगळ्यात तेजस्वी म्हणतो. एआरेंडेल म्हणजे नक्की काय यावर अभ्यासकांचा खल झालाय, उगवता प्रकाश म्हणा, पहाटेचा तारा म्हणा, शुक्र म्हणा. टॉल्किन ऑक्सफर्डला शिकत असताना, 1913 मध्ये तो इंग्रजी भाषेच्या अभ्यासाकडे वळला त्या सुमारास, ही ओळ त्याच्या वाचनात आली आणि तो शब्दच त्याच्या डोक्यात जाऊन बसला. अर्थापेक्षा आधी आवाजाने त्याला धरलं, हे त्याने स्वतःच नंतर पत्रांमधून सांगितलंय.

मग सप्टेंबर 1914, पहिलं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन महिने होत आलेले, आणि नॉटिंगहॅमशायरमध्ये गेडलिंग नावाच्या गावी मावशीच्या शेतावर असताना त्याने एक कविता लिहिली, त्याच शब्दावरून नाव घेतलेला एरेंडेल हा दर्यावर्दी आपलं जहाज घेऊन समुद्राच्या काठावरून सरळ आकाशात झेप घेतो. जी. बी. स्मिथ नावाच्या मित्राने विचारलं की हे नेमकं कशाबद्दल आहे, तर टॉल्किन म्हणाला माहीत नाही, शोधून काढायचा प्रयत्न करतो. ते शोधणं पुढे जवळजवळ साठ वर्षं चाललं. तो मित्र 1916 च्या डिसेंबरमध्ये युद्धात मृत्युमुखी पडला. टॉल्किन स्वतः फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत सिग्नल ऑफिसर होता, ट्रेंच फीव्हर होऊन नोव्हेंबरमध्ये परत आला, आणि आजारपणातल्या त्या काळात त्याच्या पुराणकथा वहीत उतरायला लागल्या. मला वाटतं प्रकाश इतका मौल्यवान आणि इतका सहज हिरावला जाणारा का आहे त्या जगात, हे इथे कळतं.

आता आतली गोष्ट. टॉल्किनच्या उत्पत्तिकथेत सगळ्यात आधी दिसणारा उजेड नसतोच, आधी असतं संगीत, आणि त्याच्याही मागे इलूवतार या निर्मात्या देवाकडे असलेला अविनाशी अग्नी, ज्याच्यामुळे कल्पनेतली गोष्ट खरोखर अस्तित्वात येते. मेल्कोर हा त्या दिव्य शक्तींमधला सगळ्यात बलवान, तो हा अग्नी शोधत एकटाच पोकळीत भटकतो आणि त्याला तो मिळत नाही, कारण तो बाहेर कुठे ठेवलेलाच नाहीये. इथे टॉल्किनने एक फार खोल गोष्ट केलीय. त्याचा खलनायक अंधाराचा भक्त म्हणून सुरू होत नाही, त्याला प्रकाशच हवा असतो, फक्त एकट्याला हवा असतो, आणि तसा तो मिळेना म्हणून रागाने जळत जळत अंधारात उतरतो.

टॉल्किन पक्का कॅथलिक होता, त्यामुळे त्या अग्नीत पवित्र आत्म्याची छाया आहे हे उघडच. पण त्याने ते देवळातल्या प्रवचनासारखं कुठे बोलून दाखवलं नाही म्हणूनच आपल्यासारख्या बाहेरच्या वाचकाला ते भिडतं.

मग दिवे येतात. उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगरांपेक्षा उंच खांबांवर दोन प्रचंड दिवे, आणि मेल्कोर ते पाडतो. सुरुवातीच्या मसुद्यात तर मजा अशी आहे की खांब मेल्कोरनेच बनवून दिलेले असतात, न झिजणाऱ्या पदार्थाचे म्हणून, आणि निघतात बर्फाचे, दिव्याच्या आंचेने वितळून कोसळतात. मला ती जुनी आवृत्ती जास्त आवडते खरं सांगायचं तर.

दिवे गेल्यावर पश्चिमेला यावाना ही झाडापेडांची देवी गाते आणि दोन झाडं उगवतात, टेल्पेरिऑन आणि लॉरेलिन. ही झाडं जवळून बघण्यासारखी आहेत. टेल्पेरिऑनची पानं वरून गडद हिरवी आणि खालून चकाकत्या चांदीसारखी, त्यातून उजेडाचं दव टपकायचं. लॉरेलिनची पानं कोवळी हिरवी, कडा सोनेरी, आणि फुलांचे पिवळे घोस लोंबणारे, त्यातून सोनेरी पाऊस. या घोसांचं नातं युरोपातल्या लॅबर्नमशी आहे, आणि आपल्या बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नमच म्हणतात. एप्रिल-मे मध्ये पूर्ण फुललेल्या बहाव्याखाली कधी उभे राहिला असाल तर लॉरेलिन कशी दिसत असेल ते वेगळं सांगायला नको. दिवस बारा तासांचा, प्रत्येक झाड सात तास उजळायचं, त्यामुळे एकाचा शेवटचा तास आणि दुसऱ्याचा पहिला तास एकमेकांत मिसळायचा, दिवसातून दोनदा असा सोनं-चांदी एकत्र झालेला मऊ उजेड पडायचा.

ही झाडं आली कुठून? लोक पटकन नॉर्स पुराणातल्या विश्ववृक्षाचं नाव घेतात, पण बीबीसीच्या एका मुलाखतीत टॉल्किनने स्वतः बोट दाखवलं ते सिकंदराच्या दंतकथांमधल्या सूर्यवृक्ष आणि चंद्रवृक्षाकडे. मध्ययुगीन युरोपात ही गोष्ट फार लोकप्रिय होती, सिकंदर भारतात येतो आणि तिथली दोन बोलणारी झाडं त्याला त्याच्या मरणाचं भविष्य सांगतात. त्या कथेचं एक जुनं इंग्रजी रूप बेओवुल्फ हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य ज्या हस्तलिखितात आहे त्यातच सापडतं, आणि बेओवुल्फ तर टॉल्किनचा रोजचा विषय. म्हणजे या झाडांच्या पूर्वजांचा पत्ता युरोपियन कल्पनेतला का होईना पण भारत आहे. दुसरा धागा फिनलंडचा, कालेवाला हे तिथलं महाकाव्य, जे तो शाळेत असल्यापासून वाचत होता. तिथे म्हातारा वैनामोइनेन वाद्य वाजवतो ते ऐकायला चंद्र आणि सूर्य खाली उतरून झाडांवर बसतात आणि लोउही नावाची चेटकीण त्यांना पकडून डोंगरात कोंडते. मग लोहार इल्मारिनेन सोन्या-चांदीचे नवे सूर्य-चंद्र घडवतो पण ते काही उजळत नाहीत.

टॉल्किनच्या कथेत घडवलेली वस्तू उजळते, आणि तिथेच घात होतो. फेआनोर नावाचा एल्फ कारागीर झाडांचा मिसळलेला उजेड तीन रत्नांमध्ये साठवतो, हीच ती सिल्मरिलं. मेल्कोर उंगोलिअँट नावाच्या राक्षशी कोळ्याच्या मादीला घेऊन येतो, ती झाडांचा सगळा रस पिऊन टाकते. रत्नं फोडली तर झाडं वाचतील असं यावाना सांगते आणि फेआनोर नाही म्हणतो. तेवढ्यात बातमी येते की मेल्कोरने रत्नं चोरली आणि फेआनोरच्या बापाला मारलं, म्हणजे होकार दिला असता तरी द्यायला हातात काही नव्हतंच, पण तो नकार मात्र पुढच्या सगळ्या रक्तपाताच्या मुळाशी राहतो. प्रकाश माझा आहे, असं म्हणणारा हा दुसरा.

सूर्य-चंद्र यानंतर येतात, मेलेल्या झाडांचं शेवटचं फूल आणि शेवटचं फळ म्हणून. चंद्र हा पुरुष आणि सूर्य ही बाई, आपल्याला वाचताना अडखळायला होतं, पण जुन्या इंग्रजीत आणि नॉर्समध्ये तसंच आहे. आपण ज्याला लख्ख ऊन म्हणतो ते या जगात उरलंसुरलं आहे, ही कल्पना मला पहिल्यांदा वाचली तेव्हा चटका लावून गेली. विशेष म्हणजे उतारवयात टॉल्किनला स्वतःलाच ही रचना टोचायला लागली, सूर्य झाडांच्या फळापासून हे शास्त्राला धरून नाही म्हणून त्याने सूर्य आधीपासूनच आहे अशी मांडणी करून बघितली. ती पूर्ण झाली नाही आणि 1977 मध्ये मुलगा ख्रिस्तोफरने या पुराणकथांचं पुस्तक, सिल्मरिलियन, छापलं ते झाडांच्याच कथेसह. बरंच झालं.

व्हर्लिन फ्लीगर या अभ्यासिकेने या सगळ्याला फुटलेल्या प्रकाशाची गोष्ट म्हटलं, टॉल्किनचा मित्र ओवेन बारफील्डच्या 1928 च्या भाषाविचाराशी जोडून, की मुळात अखंड असलेला अर्थ पुढे तुकड्यांत विभागत जातो. मला ते पटतं, पण अर्धंच. कारण उजेड लहान होत जातो तसा तो खाली येत जातो. देवांचे दिवे, देवांचीच झाडं, मग एल्फचं रत्न, मग अर्धा माणूस असलेल्या एरेंडिलच्या कपाळावरचा तारा, तोच 1914 चा दर्यावर्दी. आणि त्या ताऱ्याचा उजेड गॅलॅड्रिएलच्या कारंज्याच्या पाण्यात धरलेला, तो एका हॉबिटच्या मुठीत. शेलॉब ही उंगोलिअँटची लेक, म्हणजे जिने झाडं प्यायली तिच्या पोरीसमोर त्याच झाडांचा थेंबभर उजेड धरून एक माळी, फ्रोडोचा सोबती सॅम, उभा असतो. त्याआधी जिन्यावर बसून सॅमच्याच लक्षात येतं की अरे, आपण अजून त्याच जुन्या गोष्टीत आहोत.

मग जिथे अंगठी नष्ट करायची असते त्या नियतीच्या डोंगराच्या पोटात सॅम तीच कुपी बाहेर काढतो तर ती थंड, फिकी, काहीच उजेड देत नाही. आणि अगदी शेवटी बंदरावरून जहाज निघतं, फ्रोडोच्या हातात ती कुपी लुकलुकते आणि दिसेनाशी होते, सॅम काठावर लाटांचा आवाज ऐकत रात्रीपर्यंत उभा राहतो.