संग्रहालयातली जुनी मोटारसायकल नेमकी किती जुनी?

मोटारसायकलींच्या अनेक संग्रहालयांत पहिला मान १८८५ च्या लाकडी सांगाड्याच्या जर्मन गाडीला मिळतो. २६४ सीसीचे इंजिन, ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती आणि तोल सांभाळायला बाजूंना दोन छोटी चाके. पहिल्याच फेरीत इंजिनातले इंधन पेटवणाऱ्या तापलेल्या इग्निशन नळीमुळे सीटने पेट घेतला, ही तिची गाजलेली गोष्ट. मूळ गाडी मात्र १९०३ मध्ये जर्मनीतल्या कान्श्टाटच्या कारखान्याला लागलेल्या आगीत गेली. आज जिथे जिथे ती दिसते, ती प्रतिकृतीच. फलकावर तसे लिहिलेले असते, पण फोटोच्या गडबडीत वाचतो कोण?

त्याआधीच्या वाफेवरच्या दुचाक्या आणि १८९४ पासून कारखान्यात बनून विकली जाऊ लागलेली पहिली गाडी सहसा एका कोपऱ्यात उरकली जाते. वाद पेटतो तो पुढच्या काळातल्या गाड्यांवरून. जुनी गाडी नव्यासारखी करायची, की गंज आणि पोपडे आलेल्या रंगासकट तशीच ठेवायची?

सुरुवातीच्या संग्राहकांचा कल पहिल्या बाजूला होता. भंगारातून आणलेली गाडी उघडायची, टाकी रंगवायची, जिथे जमेल तिथे क्रोम चढवायचे. यातली गफलत जाणकाराला लगेच दिसते. क्रोम रूढ झाले १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या हँडलवर निकेल असे आणि त्याची झाक किंचित पिवळसर, मऊ. १९१५ ची गाडी आरशासारखी लखलखत असेल, तर ती चमक तिची नव्हे.

या वादाला खरी धार आली सप्टेंबर २००३ मध्ये. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका मोठ्या संग्रहालयाला आग लागली आणि सुमारे ३८० गाड्या तिच्या तडाख्यात सापडल्या. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. त्यामुळे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, आणि कार्बुरेटर यांचे जमिनीवर गोळे झाले. उरल्या त्या फ्रेमच्या पोलादी नळ्या आणि बिडाचे सिलिंडर. व्यवस्थापनाने गाड्या पुन्हा उभ्या करायचे ठरवले. डिसेंबर २००४ मध्ये दारे उघडली, तेव्हा दीडशेच्या वर गाड्या तयार होत्या.

कारागिरीला दाद द्यावीच लागेल. पण फ्रेमवरचा नंबर जुना आणि टाकी, इंजिनाची आवरणे, सीट, वायरिंग नवे, अशी गाडी १९३० ची म्हणायची का? समर्थकांचे म्हणणे असे, की या गाड्या रस्त्यावर असतानाही त्यांचे भाग बदलतच होते. मुद्दा बिनतोड वाटतो, पण अपुरा आहे. वापरातली दुरुस्ती हा गाडीच्या आयुष्याचा भाग असतो. आगीनंतरची पुनर्बांधणी ही संग्रहालयाची निवड असते, आणि ती फलकावर ठळक यायला हवी.

जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रियात आल्प्समधल्या एका घाटरस्त्यावरचे संग्रहालय दोनशेहून जास्त गाड्यांसह जळाले. त्याच वर्षी नव्या इमारतीत ते पुन्हा सुरूही झाले.

लिलावांतूनही निकाल लागलेला नाही. २०१८ मध्ये लास वेगासला हात न लावलेल्या स्थितीतली १९५१ ची एक ब्रिटिश रेसिंग गाडी ९,२९,००० डॉलरना गेली, तेव्हा ‘जशी आहे तशी’वाल्यांनी बाजी मारल्यासारखे वाटले. २०२३ मध्ये त्याच शहरात १९०८ च्या एका अमेरिकन गाडीने ९,३५,००० डॉलर मिळवून तो विक्रम मोडला. ही गाडी रिस्टोअर केलेली होती. टाकी आणि चाके मात्र मूळची.