फोनवरच्या मुलाखतीत शब्दांचे महत्त्व खरोखरच ७ टक्के असते का?

संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५ टक्के असतो, म्हणून फोनवर मुलाखत देणारा उमेदवार निम्म्याहून अधिक बाजी आधीच गमावून बसतो, हा समज चुकीचा आहे. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून आले. त्यांपैकी एकात ‘मेबी’ हा एकच शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनातील आवड-नावड तेवढी ओळखायला सांगितली होती. भावना आणि आवडीनिवडी यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे खुद्द मेहरेबियन यांनीच स्पष्ट केले आहे.

कामाचा अनुभव सांगणारे उत्तर शब्दांवरच उभे असते, फोनवर तर अधिकच. पारंपरिक टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनी पलीकडे पोहोचतो, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग सांगताना ‘एस’ आणि ‘एफ’ ही अक्षरे हमखास एकसारखी ऐकू येतात. नावे आणि आकडे सावकाश, सुटे करून सांगावेत. शिवाय स्वतःचा अर्ज आणि मुद्द्यांचा कागद समोर उघडा ठेवता येतो. ही सोय समोरासमोरच्या मुलाखतीत क्वचितच मिळते आणि निव्वळ धास्तीपोटी अनेक जण ती वाया घालवतात, याचे मनापासून वाईट वाटते.