न्यूमोकोकसचे प्रकार बदलले, तरी लस वाया गेली नाही
न्यूमोनियासारखे आजार करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूच्या, लसीने रोखलेल्या प्रकारांची जागा दुसरे प्रकार घेतात, म्हणून लसीकरण व्यर्थ आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातले निरीक्षण खरे, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरची लस बालकांना देणे सुरू झाल्यावर तिच्यात नसलेला १९ए हा प्रकार खरोखरच वाढला, आणि २०१० मध्ये त्यालाही रोखणारी तेरा प्रकारांवरची लस आली. तरीही हा जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरून होणाऱ्या आजाराचे पाच वर्षांखालील मुलांमधील प्रमाण, जे १९९८ मध्ये दर लाखी सुमारे ९५ होते, ते २०१५ नंतर दहाच्या खाली आले. शिवाय लस घेतलेल्या मुलांच्या नाका-घशात लसीतल्या प्रकारांचे जंतू फारसे उरले नाहीत, त्यामुळे लस न घेतलेल्या वृद्धांमध्येही हा आजार घटला.