पार्श्वभूमी : चिप हाती आली, रेडिओ कुलपातच राहिला

स्मार्ट स्विच, टाकीतल्या पाण्याचा सेन्सर, शेतपंपाचा रिमोट स्टार्टर अशी उपकरणं बनवणाऱ्यांना वायरलेस चिपकडून आणि तिच्यासोबतच्या सॉफ्टवेअरकडून काय हवं असतं? आज विचारलं तर मागण्या ठरलेल्या आहेत. उदाहरणादाखल दिलेला कोड पहिल्या फटक्यात कम्पाइल व्हावा, म्हणजे चिपला चालेल अशा रूपात बदलावा. ग्राहकाच्या राउटरला उपकरण विनासायास जोडता यावं. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी घरातला दिवा लागावा. आणि चिपच्या पोटात काय चाललंय ते वाचता यावं, चुकलं तर दुरुस्त करता यावं. पहिल्या तीन मागण्या कमी-अधिक प्रमाणात पुऱ्या होत आल्या आहेत. घोडं अडतं ते चौथीपाशी. चिपमधला रेडिओ चालवणारा कोड कंपनीने बंद ठेवावा की खुला करावा, हा तो वाद.

२०१४ पूर्वीचा इतिहास मोठा आहे, पण या वादापुरतं त्यातलं थोडंच लागतं. १९८१ च्या एका मॉडेमने ‘एटी’पासून सुरू होणाऱ्या आज्ञांची पद्धत पाडली. सिरियल तारेवरून मजकूर पाठवायचा, पलीकडून ‘ओके’ येण्याची वाट बघायची. जीएसएम मॉड्यूलपर्यंत ती तशीच चालत आली. रेडिओ म्हणजे शेजारची वेगळी डबी, तिच्या आत डोकावायचं नाही, हे त्या पद्धतीत गृहीतच होतं. २००४ मध्ये झिगबी या कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेस पद्धतीचं पहिलं स्पेसिफिकेशन ठरलं, पण प्रोफाइल, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलायचे नियमसंच, इतकी झाली की झिगबीचा बल्ब झिगबीच्याच स्विचला ओळखेना. शिवाय माल विकायचा तर वार्षिक सदस्यत्व घ्या, ही अट जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात बसत नसल्याने मुक्त सॉफ्टवेअरवाले लांबच राहिले. २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० सोबत कमी विजेवर चालणारं लो एनर्जी (एलई) आलं. मात्र अँड्रॉइडमध्ये त्याची सोय व्हायला २०१३ उजाडलं. त्या काळातल्या एका गाजलेल्या ब्लूटूथ चिपचा स्टॅक, म्हणजे संवाद सांभाळणारं सॉफ्टवेअर, तर तिसऱ्याच कंपनीच्या महागड्या कम्पायलरशिवाय बिल्ड होत नसे.

मग ऑगस्ट २०१४ च्या सुमारास शांघायच्या एका चिप कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप, ईएसपी-०१ नावाच्या आठ पिनांच्या इवल्याशा बोर्डावर बसून बाजारात आली. आर्डुइनो या हौशी मंडळींच्या लाडक्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला वाय-फायची शील्ड, म्हणजे वर बसवायचा जोडबोर्ड, लावायची तर त्याआधी ऐंशी डॉलरच्या पुढे जावं लागे. हा बोर्ड पाच डॉलरच्या आत मिळत होता. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, चिनी भाषेत. जगभरच्या हौशी मंडळींनी ती मशीन भाषांतरातून, एकमेकांना विचारत इंग्रजीत आणली. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे हे बोर्ड दिसू लागले आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधली ‘होम ऑटोमेशन’ची लाट सुरू झाली. पहिला अनुभव बहुतेकांचा सारखाच : आर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून बोर्ड चालवायचा आणि तो वाय-फाय जोडायच्या क्षणी रीसेट व्हायचा. ती पिन देते ५० मिलिअँपिअर. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, सोडताना चिप ओढते त्याच्या तिप्पट-चौपट, क्षणभर त्याहूनही जास्त. वेगळा रेग्युलेटर आणि एक बऱ्यापैकी कपॅसिटर लावला की काम भागायचं.

तोवर ही चिपही एटी आज्ञांवरच चालत होती. कलाटणी मिळाली ऑक्टोबर २०१४ मध्ये. कंपनीने एसडीके, म्हणजे चिपसाठी प्रोग्राम लिहायचं साहित्य, खुलं केलं. म्हणजे शेजारच्या आर्डुइनोची गरजच संपली, आपला प्रोग्राम थेट वाय-फाय चिपमध्ये चढवता येऊ लागला. लगोलग लुआ या प्रोग्रामिंग भाषेचं फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर) आलं, २०१५ मध्ये आर्डुइनोच्या वातावरणातून तिला प्रोग्राम करायची सोय झाली, २०१६ मध्ये ब्लूटूथसह ईएसपी३२ आली. डेव्हलपरच्या आजच्या अपेक्षा घडल्या त्या इथे. कुठल्या मानक समितीने त्या लिहून दिल्या नाहीत.

पण ‘खुलं केलं’ हे अर्धंच खरं. टीसीपी-आयपीचा, म्हणजे नेटवर्कवर डेटा नेण्या-आणण्याचा, भाग मुक्त होता. वाय-फायचा मात्र मिळाला आधीच कम्पाइल केलेल्या, म्हणून वाचता न येणाऱ्या, लायब्ररींच्या (तयार कोडच्या गठ्ठ्यांच्या) रूपात : लिबफाय, लिबपीपी, लिबनेट८०२११. वापरा, जोडा, पण आत काय आहे ते विचारू नका. जो कोड वाचता येत होता त्याच्या परवान्याचा मजकूरही एमआयटी या मोकळ्या परवान्याच्या वळणाचा, फक्त त्यात एक पाचर होती : हा कोड याच कंपनीच्या चिपवर वापरायचा.

हा निर्णय बरोबर की चूक, याचं गुऱ्हाळ अजून चालू आहे.

कंपनीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद मंजुरीचा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना असला तरी उपकरणाला सरकारी मंजुरी लागतेच, आणि अमेरिका-युरोपात नियम याहून काटेकोर आहेत. मंजुरी मिळते ती ठरावीक शक्तीने, ठरावीक चॅनलवर प्रक्षेपण करण्यासाठी. सोर्स कोड हातात दिला आणि कुणी शक्ती वाढवली, तर मंजुरीचा कागद फुकट. छोट्या उद्योजकाला हा कागद सोन्यासारखा असतो. मॉड्यूल आधीच मंजूर असेल तर त्याचा चाचण्यांचा मोठा खर्च वाचतो. दुसरा युक्तिवाद गैरवापराचा. २०१७ च्या सुमारास याच स्वस्त चिपवर इतरांचं वाय-फाय तोडणारे डीऑथचे खेळ सुरू झाले. कंपनीच्या नव्या आवृत्त्यांत तशी पॅकेट सोडणं बंद होतं, तर मंडळी एसडीकेच्या जुन्या आवृत्तीला चिकटून बसली. कुलूप लावून कितपत साधतं, हे त्यावरून दिसलंच.

विरोधी बाजूचं दुखणं रोजचं होतं. संगणकातल्या वाय-फाय कार्डाचं फर्मवेअरही बंदच असतं, पण ते कार्डाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालतं. ईएसपी८२६६ मध्ये बंद लायब्ररी आणि तुमचा प्रोग्राम एकाच गाभ्यावर, एकाच मेमरीत नांदतात. तुमच्या लूपने लायब्ररीला दोन-तीन सेकंद सवड दिली नाही की वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर जागा होणारा टायमर, चिप रीसेट करतो. कारण शोधायला चिपचे संदेश दाखवणारा सिरियल मॉनिटर उघडावा तर ११५२०० च्या वेगाला नुसता कचरा दिसतो, कारण बूटचा संदेश ७४८८० या आडनिड्या वेगाने येतो. वेग जुळवल्यावर कळतं काय, तर ‘रीसेट कॉज ४’, म्हणजे वॉचडॉगने रीसेट केलं, एवढंच. क्रॅशचा पत्ता लायब्ररीत पडला असेल तर तपास तिथेच खुंटला. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीतली क्रॅक ही त्रुटी उघड झाली तेव्हाही हाच पेच. दुरुस्ती कंपनीने दिली, पण ती तिच्याच हातून यावी लागली. विकून गेलेल्या स्विचपर्यंत ती पोचवायची कशी, हे प्रत्येकाने आपापलं बघावं.

मला विचाराल तर मंजुरीचा मुद्दा लिबफायपुरता मान्य आहे, कारण रेडिओचं कॅलिब्रेशन आणि शक्तीची मर्यादा तिथे सांभाळली जाते. पॅकेट बांधणं, पुन्हा पाठवणं, राउटरशी बोलणी करणं या वरच्या कामांना तो कसा लागू होतो, ते समजत नाही. ब्लूटूथच्या जगात हा वरचा थर उघडला गेला आहे. २०१६ नंतर एका मुक्त आरटीओएससोबत (छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमसोबत) ब्लूटूथ एलईचा संपूर्ण लिंक लेयर, म्हणजे पॅकेटची देवाणघेवाण सांभाळणारा थर, सोर्ससकट मिळू लागला आणि पुढे त्याने अधिकृत चाचण्याही पार केल्या. थ्रेड या घरातल्या उपकरणांच्या वायरलेस नेटवर्क पद्धतीची एक मुक्त अंमलबजावणीही २०१६ मधलीच. वाय-फायला उशीर झाला : बेल्जियममधल्या काही जणांनी ईएसपी३२ चा वाय-फाय थर उलटा उलगडून मुक्त पर्याय लिहायला घेतला तो २०२३ मध्ये, आणि त्यांनाही सुरुवातीला रेडिओ चालू करायला मूळ बंद लायब्ररीच बोलवावी लागत होती.

बंद पेटीची किंमत कंपनीलाही मोजावी लागली. मार्च २०२५ मध्ये माद्रिदच्या एका परिषदेत स्पॅनिश सुरक्षा संशोधकांनी ईएसपी३२ च्या ब्लूटूथमधल्या २९ अलिखित आज्ञा दाखवल्या. ‘बॅकडोअर’ (चोरदरवाजा) हा शब्द वापरला गेला आणि एक अब्ज उपकरणांचे मथळे झळकले. दोन-चार दिवसांत संशोधकांनीच तो शब्द मागे घेऊन ‘छुपी सुविधा’ असं म्हटलं. या आज्ञा तपासणीसाठी आहेत, हवेतून त्या देता येत नाहीत, असा कंपनीचा खुलासा होता आणि तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण आज्ञा कागदावर आधीच असत्या तर बातमी झाली असती का?

बाकीच्या मागण्यांचा प्रवास त्यामानाने सरळ झाला. सर्व्हरवर अवलंबून राहण्याचा धोका २०१६ मध्ये घरातली उपकरणं जोडणाऱ्या एका अमेरिकी हबने सेवा बंद करून आणि २०२२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ती रातोरात बंद करून पटवून दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅटर १.० हे स्मार्ट उपकरणांचं सामायिक मानक आलं, ज्यात उपकरणं घरातल्या घरात बोलतात आणि जोडणी क्यूआर कोडने होते. फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि चिप फक्त २.४ वर, हा ग्राहकसेवेला भंडावणारा घोळ जोडणी ब्लूटूथवरून होऊ लागल्यावर बराच निवळला.

आता दबाव वेगळ्या दिशेने येतो आहे. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादनात कोणते सॉफ्टवेअर घटक आहेत त्यांची यादी ठेवायची आणि साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या द्यायच्या, ही जबाबदारी उपकरण विकणाऱ्यावर आहे. भोसरी-चाकणहून युरोपला माल पाठवणाऱ्यालाही ती चुकणार नाही. त्याच्या यादीत लिबनेट८०२११ ची नोंद एका ओळीत होईल. त्या ओळीच्या आतल्या दुरुस्त्या पाच वर्षं मिळत राहतील असं चिप कंपनीकडून लेखी घ्यायचं कलम आता खरेदीच्या करारात घालावं लागणार आहे.