तांबं नव्हतं म्हणून सापडलेलं प्रथिन

बैल तासभर मान खाली घालून चरतो आणि हाक आली की तेवढं जड डोकं सहज वर उचलतो. या कामात स्नायूंवर फार भार पडत नाही. त्याच्या मानेत मणक्यांच्या वरून एक जाड, पिवळसर दोर गेलेला असतो. मान खाली गेली की तो ताणला जातो आणि डोकं मागे ओढत राहतो. हा दोर बहुतांशी इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर इलॅस्टिनवर काम करणाऱ्यांचा कच्चा माल बहुधा हाच असे.

पण माल हाताशी असून उपयोग नव्हता, कारण तो विरघळतच नसे. गरम कॉस्टिक सोड्यात घातला की कॉलेजन (शरीराला मजबुती देणारं दुसरं प्रथिन) आणि बाकी सगळं निघून जाई, आणि तळाशी जे शिल्लक राही त्याला इलॅस्टिन म्हणायचं! केंब्रिजमध्ये पार्ट्रिज या संशोधकानं १९५५ साली गरम ऑक्झॅलिक आम्ल वापरून ते विरघळवलं खरं, पण हाती आले ते तुकडे. हे प्रथिन इतकं हट्टी का, हे १९६३ मध्ये कळलं. पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांना त्यात दोन अनोळखी अमिनो आम्लं सापडली. ग्रीक भाषेत ‘बंध’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून त्यांना डेस्मोसिन आणि आयसोडेस्मोसिन ही नावं मिळाली. लायसिन या नेहमीच्या अमिनो आम्लाचे चार रेणू एकत्र येऊन एक कडं बनतं आणि ते प्रथिनाच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतं.

गाठी आहेत म्हणजे गाठी पडण्याआधीचा सुटा धागाही असणार. तो मात्र कुणाला दिसत नव्हता. पेशीतून बाहेर पडला की थोड्याच वेळात तो विणला जातो, त्यामुळे निरोगी प्राण्यात तो शोधून सापडणं अवघडच.

वाट दाखवली ती पशुआहाराच्या अभ्यासानं. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत मिसुरीत ओडेल यांचा गट कोंबडीच्या पिल्लांवर आणि युटामध्ये कार्न्स यांचा गट डुकरांवर प्रयोग करत होता. आहारातून तांबं काढून टाकलं तर काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. प्राणी अचानक मरू लागले. आत पाहिलं तर महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटलेली. तिच्या भिंतीतलं इलॅस्टिन तपासलं तेव्हा लायसिन जास्त आणि डेस्मोसिन कमी भरलं. धागा तयार होत होता, गाठी पडत नव्हत्या. त्याच डुकरांच्या महारोहिणीतून १९६८ मध्ये एक विरघळणारं प्रथिन निघालं आणि १९६९ मध्ये सँडबर्ग, वाइसमन आणि स्मिथ यांनी ते शुद्ध केलं. घडण इलॅस्टिनसारखीच, फक्त डेस्मोसिनचा पत्ता नाही. कॉलेजनच्या सुट्या रेणूला ट्रोपोकॉलेजन म्हणत, त्याच धर्तीवर याचं नाव पडलं ट्रोपोइलॅस्टिन.

गाठी मारणारं एन्झाइम म्हणजे लायसिल ऑक्सिडेज, आणि ते तांब्याशिवाय चालत नाही. (म्हणून कुणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी ढोसायला लागू नये. डाळी, तीळ, शेंगदाणे यांतून लागतं तेवढं तांबं मिळतं.) स्वीट पीच्या बियांमधलं विषही याच एन्झाइमला अडवतं. विदर्भातली लाखोळी त्याच कुळातली, पण तिचं विष वेगळं, ते मज्जासंस्थेवर घाव घालतं. दोन्ही आजारांच्या नावात ‘लॅथिरिझम’ असल्यानं गल्लत नेहमीची. माणसांतला पुरावा मेलबर्नहून आला. मेंकेस या आनुवंशिक आजाराच्या बाळांचे राठ, पिळलेले केस पाहून डेव्हिड डँक्स यांना तांबं न मिळालेल्या मेंढ्यांची लोकर आठवली. त्या बाळांना तांबंच पुरत नाही, हे त्यांनी १९७२ मध्ये दाखवलं.

सुटा धागा हाती आल्यावर त्याचा स्वभावही कळला. ट्रोपोइलॅस्टिनचं थंड द्रावण नितळ असतं. शरीराच्या तापमानापर्यंत तापवलं की ते दुधासारखं गढूळ होतं, थंड केलं की पुन्हा नितळ. साखळीतले पाण्यापासून पळणारे भाग उबेत एकमेकांना बिलगतात, लायसिनचे भाग जवळजवळ येतात आणि गाठी मारायला सोपं जातं. २०११ मध्ये एकेक रेणू ओढून पाहिला, तर तो आपल्या लांबीच्या आठपट ताणला गेला.

एवढा गुणी धागा शरीर मात्र मोजकाच काढतं. गर्भावस्थेचा शेवट आणि बालपण हा त्याचा हंगाम, पुढे उत्पादन जवळपास बंद. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे १९९१ मध्ये माणसाच्या फुप्फुसातल्या इलॅस्टिनचं वय काढलं, तेव्हा ते सरासरी ७४ वर्षं टिकतं असं दिसलं. म्हणजे लहानपणी मिळालेला साठा जन्मभर पुरवायचा. भाजल्यावर जखम कॉलेजननं भरून येते, इलॅस्टिन मात्र फारसं बनत नाही आणि व्रण आवळतो. ‘इलॅस्टिनयुक्त’ क्रीम चोळून हे भरून निघत नाही. एवढा मोठा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत जाणंच कठीण, मग तिथे विणला जाणं दूरच.

मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा टप्पा १९९८ चा वाटतो. इलॅस्टिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर काही दिवसांतच मेले. त्यांच्या रोहिण्या फुटतील असं कुणालाही वाटलं असतं, पण त्या तुंबल्या होत्या. भिंतीतल्या स्नायूपेशी बेसुमार वाढल्या आणि रक्ताचा रस्ताच बुजला. या जनुकाची एक प्रत गेली की माणसांतही महारोहिणी अरुंद होते, हे विल्यम्स सिंड्रोम या जनुकीय विकाराच्या अभ्यासातून १९९३ मध्येच कळलं होतं. म्हणजे इलॅस्टिन नुसतं ताणून परत येत नाही, ते पेशींना आवरूनही धरतं. दुरुस्तीसाठी ते हवं असण्याचं हे दुसरं कारण.

सिडनीत अँथनी वाइस यांच्या गटानं १९९५ मध्ये मानवी ट्रोपोइलॅस्टिनसाठी कृत्रिम जनुक घडवून जिवाणूंकडून ते तयार करून घेतलं. आता त्यासाठी तांब्यावाचून ठेवलेली डुकरं लागत नव्हती. त्याच प्रथिनापासून पुढे प्रकाश पडताच घट्ट होणारा एक डिंक बनवला गेला. शस्त्रक्रियेतली भोकं बुजवायला तो चालतो का, हे २०१७ मध्ये उंदरांवर आणि डुकरांच्या फुप्फुसांवर तपासलं गेलं. फुप्फुस फुगत होतं, आकसत होतं आणि ठिगळ त्याच्याबरोबर ताणलं जात होतं.