भावे ठाण्याचे की पळस्प्याचे? एका स्मृतिशताब्दीची पार्श्वभूमी

‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांचे निधन १२ सप्टेंबर १९२६ रोजी झाले. १२ सप्टेंबर २०२६ ला, शनिवारी, त्याला शंभर वर्षे पूर्ण होतात. लगेच सोमवारी, १४ तारखेला, गणेश चतुर्थी आहे. म्हणजे ठाण्यातले कितीतरी वाचक त्या शनिवारी कोकणच्या वाटेवर असणार. ती वाट पनवेलच्या पुढे ज्या पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे वळते, तिथले पळस्पे हे भाव्यांचे जन्मगाव. गणपतीच्या आधी फाट्यावर एसटी, खासगी बस आणि टपावर सामान बांधलेल्या गाड्यांची रांग लागते. बसमध्ये बसून आम्ही तिथे तासन्‌तास काढतो, खिडकीतून गावाच्या नावाची पाटी वाचतो. मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा माणूस या गावात जन्मला, हे मात्र बसमधल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

तारखेच्या या अडचणीमुळे एक जुना प्रश्न पुन्हा वर आला आहे. स्मृतिशताब्दी भाव्यांच्या मूळ प्रदेशात व्हावी, इथपर्यंत सगळे एकमताने येतात आणि मूळ प्रदेश कोणता म्हणायचा, इथे अडतात. पनवेलकडचे वाचक म्हणतात, जन्म आमच्या मातीतला, तेव्हा मान रायगडचा. ठाणेकर म्हणतात, उभे काम इथे झाले, ग्रंथसंग्रहालय इथे उभे राहिले, तेव्हा भावे आमचे. जन्मभूमी आणि कर्मभूमी अशी सोपी वाटणी करून दोन्ही बाजूंचे समाधान करण्याचा प्रयत्न होतो. मला ती वाटणीच चुकीची वाटते, कारण ती आजच्या नकाशावर उभी आहे.

भाव्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८७१ चा. त्या वेळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला, तेव्हा भावे अकरा-बारा वर्षांचे होते. पाठोपाठ १८९१ मध्ये कर्जतही तिकडे गेले. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. चरित्रपर नोंदींत म्हणूनच कोणी ‘जि. कुलाबा’ लिहितो, कोणी ‘जि. रायगड’. लिहिणाऱ्याच्या काळात जी हद्द होती ती त्याने लिहिली, इतकाच याचा अर्थ. जन्मवेळची हद्द लिहायची तर ‘पळस्पे, जि. ठाणे’ असे लिहावे लागेल, आणि ते लिहिलेले क्वचितच दिसते. जन्माच्या दाखल्यासारखा पुरावा मागणारे या एका ओळीवर गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे.

जुना ठाणे जिल्हा सगळ्या बाजूंनी असाच कमी होत गेला. १९२० मध्ये मुंबई उपनगर वेगळे निघाले आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. दुसरीकडे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. तिने नवे शहर आखताना ठाणे, पनवेल आणि उरण या तिन्ही तालुक्यांतली गावे एकत्र घेतली, जिल्ह्याची रेघ मधून जात असूनही. आज नवीन पनवेलचा रहिवासी पत्ता सांगताना ‘नवी मुंबई’ म्हणतो आणि कामाला ठाण्याला येतो. लोकल बदलत सकाळी हा प्रवास करणाऱ्यांना आपण जिल्हा ओलांडला याची आठवणही होत नाही. मग एका लेखकाच्या आठवणीसाठीच ती रेघ का पाळायची?

दुसरा गुंता शब्दांचा आहे, तो थोडक्यात. जयंती साजरी करतात, पुण्यतिथी पाळतात. स्मृतिशताब्दीला यातले कोणते क्रियापद लावायचे यावर मतभेद आहेत. मी ‘पाळणे’च्या बाजूचा. वर्ष कोणते धरायचे, हे त्याहून व्यवहाराचे. पु. ल. देशपांडे आणि ग. दि. माडगूळकर यांची जन्मशताब्दी वर्षे २०१८ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये संपली, म्हणजे नव्व्याण्णव पूर्ण झाली की शंभरावे वर्ष लागले, या हिशेबाने. तोच हिशेब इथे लावला तर वर्ष सप्टेंबर २०२५ लाच सुरू झाले आणि गणपतीच्या गर्दीत संपणार. शंभर पूर्ण झाल्यावर पुढचे बारा महिने धरले तर सप्टेंबर २०२७ पर्यंत मोकळीक मिळते. अंकगणित पहिल्या बाजूला आहे, हे मान्य. पण ज्या वर्षात काही झालेच नाही ते वर्ष मोजून टाकायचे, हे मनाला पटत नाही.

नावाचाही घोटाळा होतो. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे ते विष्णुदास भावे सांगलीचे, १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणजे रायगडचेच, आणि त्यांची जयंती नेमकी आदल्या दिवशी, ११ सप्टेंबरला. शालेय कार्यक्रमांत तिन्ही भाव्यांची सरमिसळ सहज होते. त्यात ‘सारस्वत’ हा शब्द जातिवाचक समजणारेही भेटतात. इथे त्याचा अर्थ सरस्वतीचे ते सारस्वत, म्हणजे वाङ्मय, एवढाच आहे.

ठाण्याचा हक्क ज्यावर उभा आहे ते काम १ जून १८९३ चे. त्या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भाव्यांनी मित्रांसह ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केले. त्या काळच्या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे. फक्त मराठी ग्रंथ जमवायचे, हा निर्णय म्हणून धाडसाचा होता. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघाले. त्याच सुमारास ‘महाराष्ट्र सारस्वत’चे पहिले रूप ‘ग्रंथमाला’ मासिकात निबंध म्हणून आले आणि वाढवलेली आवृत्ती १९१९ मध्ये. सांकेतिक लिपीत बंद असलेल्या महानुभावांच्या पोथ्या वाचता येऊ लागल्यावर त्या वाङ्मयाला भाव्यांनी इतिहासात हक्काची जागा दिली. जुने कागद ‘मराठी दप्तर’ या नावाने छापले आणि एकेका भागाला ‘रुमाल’ म्हटले, कारण दप्तरखान्यात कागद ज्या कापडात बांधून ठेवतात तो रुमाल.

‘महाराष्ट्र सारस्वत’ची प्रत मी पहिल्यांदा हातात घेतली ती शं. गो. तुळपुळे यांची पुरवणी जोडलेली. भाव्यांनी जिथे हात टेकले किंवा जिथे पुढच्या संशोधनाने त्यांना खोडून काढले, तिथे पुरवणीत तुळपुळे प्रकरणामागून प्रकरण दुरुस्ती करत जातात, आणि मूळ मजकुराला मात्र हात लावत नाहीत. एका अभ्यासकाला वाहिलेली याहून चांगली आदरांजली मी पाहिलेली नाही. १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन अखिल भारतीय साहित्य संमेलने ठाण्याने भरवली. तेवढा उत्साह ही प्रत पुन्हा वाचकांच्या हाती देण्यात दिसावा, असे मला मनापासून वाटते.

आता उरतो दिवस. १२ सप्टेंबरला सभागृहात माणसे मिळणार नाहीत. जन्मतारीख धरावी तर ६ नोव्हेंबर २०२६ ला धनत्रयोदशी आहे. म्हणून त्या शनिवारी ठाण्यात जे हजर असतील त्यांनी संध्याकाळी ‘सारस्वता’तली काही पाने वाचावीत आणि मुख्य कार्यक्रम १ जून २०२७ ला, ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनादिनी, पळस्प्याला घ्यावा, अशी सूचना आहे. मी तिच्या बाजूने आहे. ठाण्याहून पुस्तके न्यायची, गावात दिवसभर मांडायची, शाळेतल्या मुलांना उलटून पाहू द्यायची. मे संपता संपता फाट्यावर गावाहून परतणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा टेम्पो पहाटेच निघालेला बरा.