कांद्याचा राग किती दिवस टिकतो?

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा लासलगाव, चांदवड, येवल्याच्या लिलावात लाल कांदा येत होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. लाल कांदा काढला की विकावाच लागतो. म्हणजे ज्यांना थांबायची सोयच नव्हती, त्यांच्यावर मार बसला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे रोजी मतदान झालं आणि दिंडोरीत महायुतीच्या उमेदवार, तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. ‘कांद्याने केला वांदा’ म्हणून सगळे मोकळे झाले.

पण नोव्हेंबरात विधानसभेला त्याच महायुतीने नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा जिंकल्या. मग राग गेला कुठे?

मतदाराच्या स्मरणशक्तीबद्दल अभ्यासकांत दोन तट आहेत. ख्रिस्तोफर एकन आणि लॅरी बार्टेल्स यांच्या मते मतदार सरकारची सगळी कारकीर्द तोलत नाही. निवडणुकीआधीच्या काही महिन्यांत हातात काय आलं, त्यावरच बहुतेक हिशेब होतो. उलट डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले असे भाग तपासले, जिथले कारखाने चिनी मालापुढे टिकले नाहीत. तिथला राजकीय कल कित्येक वर्षं बदललेला राहिला. ब्रिटनमध्ये थिमो फेट्झर यांना असंच दिसलं: २०१० नंतर सरकारी मदतीला जिथे जास्त कात्री लागली, तिथे युरोपीय संघाबाहेर पडण्याच्या बाजूचा जोर वाढला.

अशा अभ्यासात धोरणाचा फटका काही भागांना जास्त, काहींना कमी बसला, हे आधी मोजतात. मग मतं आधी कशी होती आणि नंतर कशी झाली, ते ताडून बघतात. मतदाराला ‘का?’ विचारण्यापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं, कारण कारण सांगायला सगळ्यांनाच आवडतं.

मला स्वतःला दोन्ही तट खरे वाटतात, फक्त जखमा वेगळ्या. कारखाना बंद पडला की तो परत येत नाही. पोरं गाव सोडतात, दुकानं ओस पडतात, रोज समोर आठवण उभी. कांद्याच्या भावाचं तसं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य गेलं, शुल्क निम्म्यावर आलं, दरही सुधारले होते. त्यात लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला दीड हजार येऊ लागले होते. शिवाय निर्यातीचा निर्णय केंद्राचा, निवडणूक राज्याची. नोव्हेंबरच्या निकालात यातल्या कशाचा वाटा किती, हे जिल्ह्याच्या आकड्यांवरून सांगताच येणार नाही. चॅनेलवर ते छातीठोकपणे सांगितलं गेलं, हा भाग वेगळा.

खरं तर दिंडोरी मतदारसंघ या तपासणीसाठी घडवून ठेवल्यासारखा आहे. येवला-चांदवडचा कांदापट्टा आणि सुरगाण्याची भात-नागलीची गावं, दोन्ही त्यातच. उमेदवार तेच, मतदानाचा दिवस तोच, निर्यातबंदीची झळ मात्र वेगवेगळी. निवडणुकीच्या निकालपत्रकात, म्हणजे फॉर्म २० मध्ये, मतदान केंद्रावार मतं मिळतात आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी नोंदीत, गावावार कांद्याचं क्षेत्र. २०१९ आणि २०२४ ची मतं त्या क्षेत्राशेजारी मांडली, तर ‘वांदा’ नेमका कुठल्या गावात झाला, ते निदान दिसायला लागेल.